चार दिवसांची अट

चूक तशी बारकीच होती. बाराशे घरांचं सर्वेक्षण करायचं म्हटलं की अशा पन्नासेक चुका निघणारच. कुणी वयाच्या रकान्यात टेलिफोन नंबर लिहितं, कुणी महिन्यातून नव्वद वेळा किराणा आणतो म्हणून ठोकून देतं. त्या चुकांचा गठ्ठा तीन महिने कपाटात पडून होता, कारण तपासणीवाली बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली होती आणि तिच्याइतकं चिकट काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. मंगळवारी सकाळी ती काठी टेकत आली, गठ्ठा घेऊन बसली आणि दुपारच्या चहापर्यंत एक्केचाळीसपैकी चाळीस फॉर्म निकालात काढून मोकळी झाली. उरलेला एक घेऊन ती त्याच्या टेबलापाशी आली. "ज्योतिषीबुवा, हा बघा बाई काय नमुना आहे," ती म्हणाली. ऑफिसात सगळे त्याला ज्योतिषीच म्हणत, कारण शहराला वीस वर्षांनी किती दुकानं लागतील, किती सुपरमार्केटं लागतील, त्यांना किती चौरस मीटर जागा लागेल, हे सांगणं हा त्याचा धंदा होता. "घरात जेवणारी माणसं किती, तर एक. आणि पुढच्या वर्षभरात वाढतील, कमी होतील की तेवढीच राहतील, तर म्हणे कमी होतील. अहो, एकातून कमी होऊन राहणार काय, भिंती? मशीननं बरोब्बर पकडलं. 'तेवढीच' करून टाकते, चालेल ना?" तिनं लाल पेन उघडलंसुद्धा होतं. तो "करा" म्हणणारच होता. तेवढ्यात त्याची नजर वरच्या कोपऱ्यातल्या गल्लीच्या नंबरावर आणि घराच्या नंबरावर गेली. "ठेवा," तो म्हणाला. "माझ्याकडे असू दे. मी बघतो."

फॉर्मवर नाव नव्हतं. नाव विचारायचंच नाही, हा नियम त्यानंच केला होता. पण घराचा नंबर त्याच्या घराचा होता. मजला दुसरा, डावीकडचं दार. त्यानं आधी मनाशी म्हटलं, पाहणीवाल्या मुलीनं उजवीकडचं डावीकडे लिहिलं असेल. मग वाटलं, वरच्या मजल्यावरचे म्हातारे एकटेच राहतात, त्यांचाच असेल. असं स्वतःची समजूत घालत तो खाली खाली वाचत गेला. उत्तर देणाऱ्याचं वय, बावन्न. स्त्री. नोकरी नाही. घरात फ्रीज आहे, गाडी नाही. आता समजूत घालायला काही उरलं नव्हतं. समासात पाहणीवाल्या मुलीनं टोकदार अक्षरात शेरा मारला होता, 'पुन्हा विचारून खात्री केली. बाईंनी हेच उत्तर दिले. हसल्या.' तो त्या एका शब्दावर किती वेळ थांबला कुणास ठाऊक. त्याची बायको हसली होती. परक्या मुलीसमोर, दारात उभी राहून, घरात एकच माणूस जेवतं असं सांगताना हसली होती. ती शेवटची कधी हसली होती ते त्याला आठवेना, आणि आठवेना म्हणून तो चिडला. मला जिवंतपणी मारलं हिनं, असं काहीतरी तो पुटपुटला. पलीकडच्या टेबलावरच्या नकाशेवाल्यानं मान वर करून पाहिलं.

पण मारलं तिनं नव्हतं. ते त्याला दहा मिनिटांनी कळलं आणि ते जास्त वाईट होतं. फॉर्मच्या तिसऱ्या प्रश्नाखाली बारीक टाइपात सूचना होती: 'गेल्या सात दिवसांपैकी किमान चार दिवस ज्यांनी घरी शिजलेलं एक तरी जेवण घरात बसून घेतलं, त्यांनाच मोजावं.' ही चार दिवसांची अट त्याची होती. त्यासाठी तो दोन वर्षांपूर्वी भर बैठकीत भांडला होता. त्याआधी सगळे जुन्या पद्धतीनं घरातली नावं मोजत, म्हणजे परगावी शिकणारा मुलगा, फिरतीवरचा नवरा, सगळे धरत, आणि मग शहराला लागणाऱ्या दुकानांचा अंदाज फुगायचा. "साहेब, दारावरच्या पाटीवर नावं असतात, ताटावर माणसं असतात," तो म्हणाला होता. "आपल्याला दुकानं बांधायचीत, पाट्या रंगवायच्या नाहीत." बैठकीत हशा पिकला होता. साहेबांनी टेबलावर थाप मारली होती. त्या रात्री घरी जाऊन त्यानं हे बायकोला सांगितलं होतं का? सांगितलं असावं. नाही, त्या रात्री बैठकीनंतर सगळ्यांचं जेवण तिथंच झालं होतं. आता त्यानं पेन्सिल घेतली आणि पाहणीच्या आठवड्यातले दिवस स्वतःशी मोजायला बसला. सोमवारी कँटीन. मंगळवारी कँटीन. बुधवारी तो मोजणीचं चाक घेऊन उत्तरेकडच्या सुपरमार्केटातल्या मांडण्यांची लांबी मोजत होता, तिथंच सँडविच खाल्लं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार पुन्हा कँटीन. रविवारी घरी होता, पण रविवारी त्याला भूक नव्हती, चहाबिस्किटांवर भागवलं होतं. चार सोडा, एकही दिवस भरेना. त्याची बायको शब्दशः बरोबर होती. बाराशे घरांत इतका काटेकोर भरलेला फॉर्म दुसरा सापडला नसता.

मग तो असा कधीपासून झाला? माणूस एका दिवसात उठून घराबाहेर जेवायला लागत नाही. मुलगी शिकायला दूर गेली, पुढं तिकडंच नोकरी लागली, तेव्हापासून, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण मुलीचा दोष नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. ती गेल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोनं सवयीनं टेबलावर तीन ताटं मांडली होती. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तो हात धुऊन आला आणि म्हणाला, "दोनच आहोत आता. मोज की जरा." चेष्टेनंच म्हणाला. दिवसभर मोजण्याचंच काम करणाऱ्या माणसाची चेष्टा ती, दुसरी कुठली असणार. तिसरं ताट बायकोनं उचललं, पुसलं, कोरडंच होतं तरी पुन्हा पुसलं आणि कपाटात ठेवलं. मग ती दोघं जेवायला बसली आणि त्याला चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला, स्वतःच्याच चावण्याचा. अठरा वर्षं मुलीच्या बडबडीखाली तो आवाज झाकलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला काम निघालं. तिसऱ्या दिवशीही निघालं. काम काय, काढलं की निघतं. "जेवून आलोय," एवढे दोन शब्द बूट काढता काढता म्हटले की टेबलापाशी बसावं लागत नाही, हा शोध त्याला लागला, आणि शोध लागल्यावर माणूस तो वापरतोच. बायको पहिले काही महिने झाकून ठेवायची. सकाळी ते झाकलेलं स्वतः खायची. नंतर केव्हातरी झाकणं थांबलं. कधी थांबलं ते त्यानं पाहिलं नाही.

फॉर्मचं मागचं पान त्यानं उलटलं. मुख्य खरेदी कुठं करता? उत्तर: 'पुलापलीकडे, कोपऱ्यावरचं दुकान.' कसं जाता? 'दोन बस.' किती वेळ? 'चाळीस मिनिटं.' हे वाचून त्याच्यातल्या ज्योतिष्याला आधी धक्का बसला आणि नवऱ्याला नंतर. त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर सुपरमार्केट होतं आणि ते त्याच्याच अंदाजावर उभं राहिलं होतं. उद्घाटनाला त्याला बोलावलं होतं. आणि त्याच्याच घरातली बाई तिथं पाऊल न टाकता दोन बस बदलून पुलापलीकडे जात होती! का जाता, या प्रश्नाला त्यानं पर्याय दिले होते. स्वस्त आहे. जवळ आहे. निवड जास्त आहे. गाडी लावायला जागा आहे. शेवटी 'इतर', आणि पुढं बोटभर जागा. त्या बोटभर जागेत लिहिलं होतं, 'तिथं थोडं थांबता येतं.' बस, एवढंच. अशा उत्तरांचं तो काय करतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 'इतर'ला नऊ नंबर द्यायचा, नवांची बेरीज करायची, आणि ती बेरीज कोष्टकात बसत नाही म्हणून कोष्टकाखाली बारीक अक्षरात टाकायची. या वेळी नऊवाले शेकडा अकरा निघाले होते. शेकडा अकरा म्हणजे थोडे नव्हेत. एकशेबत्तीस घरं कुठंतरी थोडं थांबता यावं म्हणून लांबच्या दुकानात जात होती आणि त्यानं त्यांना तळटीपेत घातलं होतं. शिवाय उद्या अकरा वाजता साहेबांपुढं मांडायच्या अहवालात, पान सत्तेचाळीसवर, पुलापलीकडची ती बावीस लहान दुकानं 'भविष्यात अनावश्यक' म्हणून लिहिलेली होती. ते पान त्यानं स्वतः तीनदा वाचून पक्कं केलं होतं.

पण हे सगळं तो वाचत होता ते त्या एका उत्तराकडे पुन्हा जायला लागू नये म्हणून. कमी होतील. एकातून कमी. तपासणीवाल्या बाईनं भिंती म्हटलं होतं. त्याच्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. मागं एकदा ती कुठल्याशा तपासणीला गेली होती ना? डॉक्टरकडे? का दातांचं होतं ते? तिनं पाठीवर हात ठेवून उठायला सुरुवात केली होती ते गेल्या हिवाळ्यात की त्याच्या आधी? आणि समजा आजार नसेल, समजा तिनं ते उत्तर वेगळ्याच अर्थानं दिलं असेल, माणसं आपणहून कमी होतात तशा... इथं त्यानं फॉर्म उलटा ठेवला. त्यानं घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुपारी ती झोपते का, बाहेर जाते का, रेडिओ लावते का, त्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. शहरातल्या बायका मंगळवारी दुपारी तीन ते पाच काय करतात, हे विचारा, तो शेकडेवारीसकट सांगेल! तो उठला. नियमाप्रमाणं ऑफिसातल्या माणसांच्या घरचा फॉर्म निघाला तर तो वगळून टाकायचा, बारीक तुकडे करून. त्यानं फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली. दारातच साहेब भेटले. "काय ज्योतिषी, चाललात कुठं? उद्याचं सगळं चोख आहे ना?" "चोख आहे," तो म्हणाला. "घरी चाललोय." "चार वाजता? बरं नाही की काय?" "बरं आहे," तो म्हणाला आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण साहेबांशी शेवटपर्यंत उभं राहून बोललोसुद्धा नाही.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. दिवसाउजेडी तो या रस्त्यानं कितीतरी वर्षांत गेला नव्हता. दुकानं मागं जात होती आणि सवयीनं त्याचे डोळे ती मोजत होते. कपडे, औषधं, रिकामं, पाव, रिकामं. पुढच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीतून पावाचं टोक दिसत होतं. तो विचार करायला लागला, हा पाव किती माणसांचा? एका बाईला पुरेल एवढाच होता. पुढच्या थांब्यावर ती उतरली, कुणीतरी तिला हात केला, ती थांबून बोलायला लागली. त्याला एकदम वाटलं, देवा, दार उघडू दे. एवढं एक कर, तिनं आज दार उघडू दे, मग पुढचं मी बघतो. देवाचं नाव त्यानं मुलीच्या जन्मानंतर घेतलं नव्हतं. त्याच्याकडे किल्ली होती. पण किल्लीनं दार उघडून आत काय दिसेल, याची त्याला इतकी भीती वाटत होती, की दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यानं पाहुण्यासारखी घंटा दाबली.

दार उघडलं. बायकोच होती. हातात ओलं फडकं, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. त्याला पाहून तिचा चेहरा घाबरला. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?" तिनं विचारलं. त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. "मघाशी फोन केला होता," तो म्हणाला. "नळ चालू होता, ऐकू आला नसेल. पण झालंय काय?" "काही नाही. आज मी घरी जेवणार आहे," तो म्हणाला. हे बोलून तो सरळ स्वयंपाकघरात गेला, जसं काही बोलल्याबरोबर करून दाखवायचं होतं. ओट्यावर जाड पंचा अंथरला होता आणि त्यावर डबे पालथे घातले होते. सगळे. घासूनपुसून लख्ख केलेले आठ डबे, लहानापासून मोठ्यापर्यंत. फडताळं उघडी होती आणि त्यांत काही नव्हतं, तळाला नवा कागद घातलेला होता. घर सोडताना माणसं असं करतात. घर सोडणाऱ्यांचीही एक पाहणी त्यानं केली होती कधीकाळी.

"शनिवारी चाललेय," बायको मागून म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. "ताईकडे. तिच्याकडे वरची खोली रिकामी झालीय. तुमचे कपडे वगैरे सगळं आहे तसं आहे, त्याला मी हात लावलेला नाही."

"मला सांगणार कधी होतीस?"

"दोनदा सांगितलं. एकदा तुम्ही बूट काढत होता, एकदा ते मोठे नकाशे पसरले होते तेव्हा. दोन्ही वेळा 'हं' म्हणालात."

त्यानं खिशातून फॉर्म काढला आणि ओट्यावर डब्यांशेजारी ठेवला. तिनं तो पाहिला, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते हसूच होतं, पण समासातलं ते हसू हे नसावं. "पोचला म्हणायचा," ती म्हणाली. "ती मुलगी दारात उभी राहून वाचायला लागली तेव्हाच मी ओळखलं, हा तुमचा आहे. 'घरी शिजलेलं एक तरी जेवण घरात बसून.' अशी भाषा दुसरं कोण लिहिणार? म्हटलं, चला, आपलं ऐकायला हे येत नाहीत, पण कागद तरी वाचतील. म्हणून अगदी खरं खरं सांगितलं. तिला म्हटलंसुद्धा, बाई, बिनचूक लिही हो."

"पण याला तर..."

"तीन महिने झाले. पहिले पंधरा दिवस तर मी रोज वाट बघायची. वाटायचं, आज येतील आणि विचारतील, हे काय गं लिहिलंस? भांडतील निदान." तिनं फडकं पिळलं, पिळण्याइतकं पाणी नव्हतं त्यात तरी पिळलं. "नंतर लक्षात आलं, तुम्ही बेरजा वाचत असाल."

तो बेरजाच वाचत होता. हा फॉर्मसुद्धा वाचला गेला तो मशीनला चूक वाटली म्हणून. 'तेवढीच' असं तिनं सांगितलं असतं तर हा कागद मुकाट कोष्टकात गेला असता, आणि शनिवारी रात्री तो बूट काढता काढता रिकाम्या घराला सांगत बसला असता, जेवून आलोय म्हणून. हे त्याला तिला सांगायचं होतं आणि सांगण्याची लाज वाटत होती. त्याऐवजी तो बोटं मोजायला लागला. "आज मंगळवार. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. हे बघ, चार होतात. चार दिवस होतात गं! अटीत बसतं. मी चारही दिवस घरी जेवतो, उद्या मांडणीबिंडणी काय असेल ते गेलं खड्ड्यात, इथं बसून जेवतो, आणि मग शनिवारी तू... शनिवारी आपण पुन्हा..." पन्नाशी उलटलेला माणूस चार बोटं वर धरून स्वयंपाकघरात उभा होता आणि ती बोटं खाली कशी घ्यावीत ते त्याला कळत नव्हतं. बायको त्या बोटांकडे पाहत राहिली. क्षणभर त्याला वाटलं, ही आता विरघळणार. तिचे डोळे भरलेही होते. पण ती म्हणाली, "मोजता छान तुम्ही. पहिल्यापासून." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "घरात तांदूळ नाहीये. काहीच नाहीये. मी दोन दिवस पाव आणि अंड्यांवर काढतेय."

"मी आणतो," तो घाईनं म्हणाला. "आत्ता आणतो."

तिनं दारामागची कापडी पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "किती आणाल?"

त्यानं तोंड उघडलं. शहराला वर्षाला किती तांदूळ लागतो ते त्याला पाठ होतं, माणशी किती तेही, वीस वर्षांनी तो आकडा कितीनं उतरेल तेही. त्याला तीनशेपासष्टानं भागायचं, चारानं गुणायचं, आणि मग माणसांनी गुणायचं. डोक्यात गणित झरझर होत होतं आणि शेवटच्या पायरीशी येऊन अडकत होतं. भांड्यात किती घालतात, मूठ की वाटी, हे त्यानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. "दीड किलो?" तो म्हणाला.

"तुम्हाला धरून की सोडून?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, कारण तिची सवय एकाच्या मापाची झाली होती.

"धरून," तो म्हणाला. ते त्याच्या स्वतःच्याच कानांना परक्यानं दिलेल्या उत्तरासारखं लागलं.

"मग आणा. आणि आलात की पिशवीतच राहू द्या, डब्यात ओतू नका. डबे मी ताईकडे न्यायला घासलेत."

तो बाहेर आला. तीन पायऱ्या उतरला आणि थबकला, कारण कुठला तांदूळ ते विचारायचं राहिलं होतं; जाडा की बारीक, ती कुठला खाते, पुलापलीकडून ती कुठला आणत होती इतकी वर्षं. तो परत वर चढला. दार लागलेलं होतं. आत डब्यांचा आवाज येत होता, एकात एक बसवल्याचा. त्यानं घंटेवर बोट ठेवलं, पण ते दाबवेना. घंटेच्या वर पाटी होती, मुलीच्या जन्माच्या वर्षी करून घेतलेली, पितळी. बायको ती दर महिन्याला घासत असणार, कारण अक्षरं अजून चकचकत होती. पाटीवर नावं दोन होती, आणि पहिलं त्याचं होतं.